ख्रिस्ती शास्त्रांतील मुखप्रकाश आणि आशीर्वाद

ख्रिस्ती धर्मग्रंथांत 'प्रकाश' आणि 'आशीर्वाद' हे दोन शब्द वारंवार येतात. संस्कृत वाङ्मयांत वाढलेला वाचक ते वाचूं लागला म्हणजे पहिल्यास उपनिषदांतील ज्योतीचा व दुसऱ्यास ऋषींनीं दिलेल्या वराचा अर्थ नकळत जोडतो व पुढें जातो. या दोन्ही अर्थांनीं मूळ आशय झांकला जातो असें आमचें मत आहे. प्रस्तुत लेखांत एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, प्रकाश व आशीर्वाद यांची गांठ या ग्रंथांत देवाच्या मुखाशीं पडते. तो प्रकाश आधीं प्रसन्नतेचा आहे. ज्ञानाचा अर्थ त्या वचनास मागाहून जडला. आणि हा क्रम लेखी पुराव्यावरून लावतां येतो.

१. मूळ वचन

जुन्या करारांतील 'गणना' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत अहरोन व त्याचे पुत्र यांनीं इस्राएल लोकांस आशीर्वाद कसा द्यावा तें सांगितलें आहे. वचनें तीनच आहेत. पहिल्यांत आशीर्वाद व रक्षण, दुसऱ्यांत मुखाचा प्रकाश व कृपा, आणि तिसऱ्यांत मुख वर करून पाहणें व शांति, अशा दोन दोन गोष्टी मागितल्या आहेत. हिब्रू मूळांत या वचनांचे शब्द अनुक्रमें ३, ५ व ७ असून अक्षरें १५, २० व २५ आहेत. छंदःशास्त्राशीं परिचय असणारास ही चढती रचना सहज भरलेली वाटणार नाहीं. मुखोद्गत करून मोठ्यानें म्हणण्याचेंच हें वचन आहे.

पहिल्या वचनांतील जोडी आमच्या 'योगक्षेम' या समासाशीं चांगली जुळते. अप्राप्ताची प्राप्ति तो योग आणि प्राप्ताचें रक्षण तो क्षेम. आशीर्वादाचा हिब्रू धातु 'बरख्' हा असून त्याचा अरबी सगोत्र शब्द फारशीच्या वाटेनें मराठींत 'बरकत' म्हणून कधींच येऊन बसला आहे. शेताला वा धंद्याला बरकत आली असें आम्ही म्हणतों, तेव्हां त्यांत वाढीचाच भाव असतो. आणि 'उत्पत्ति' ग्रंथाच्या आरंभींही अर्थ तोच आहे. तेथें पहिला आशीर्वाद मिळतो तो मनुष्यास नव्हे, तर पांचव्या दिवशीं जलचरांस व पक्ष्यांस, आणि त्याचा विषय संततीची वृद्धि हा आहे.

व्याकरणदृष्ट्याही हें स्थल पाहण्यासारखें आहे. 'प्रकाशित करो' या अर्थाचें हिब्रू क्रियापद साध्या भविष्याच्या रूपाहून आंखूड, म्हणजे इच्छार्थी आहे. संस्कृतांत आशीर्लिङ् किंवा लोट् जें काम करतो, तेंच तें करतें. याजक येथें भविष्य वर्तवीत नाहीं व आज्ञाही करीत नाहीं, तो मागतो. लगेच पुढील वचनांत सांगितलें आहे कीं, याजकांनीं देवाचें नांव लोकांवर ठेवावें, आशीर्वाद देणारा स्वतः देव. आमच्या पुराणांतील ऋषि तपाच्या बळावर वर किंवा शाप देतो. अहरोनाच्या पुत्रांजवळ असें संचित नाहीं. त्यांच्याकडे आहे ती केवळ वाणी. हा भेद ध्यानांत न घेतां 'आशीर्वाद' हा शब्द वाचला, तर याजक हा सिद्धपुरुष होऊन बसतो.

२. मुखाचा प्रकाश म्हणजे काय

हा प्रकाश सूर्याचा नव्हे हें उघड आहे. 'उत्पत्ति' ग्रंथांत प्रकाश पहिल्या दिवशीं निर्माण होतो, सूर्यचंद्र चौथ्या दिवशीं. मग मुखाचा प्रकाश कशाचा? याचें उत्तर 'नीतिसूत्रें' या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायांत सांपडतें. राजाच्या मुखाच्या प्रकाशांत जीवन आहे आणि त्याची कृपा ही वळिवाच्या मेघासारखी आहे, अशा आशयाचें वचन तेथें आहे. पॅलेस्टाईनांत पेरणीचा पाऊस शरदांत पडतो व दाणा भरविणारा शेवटचा पाऊस वसंतांत. तो मेघ दिसला म्हणजे शेतकऱ्याला जें वाटतें, तें राजाचें प्रसन्न मुख पाहून अर्थी मनुष्याला वाटतें. दरबाराचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रीयास ही उपमा फोडून सांगण्याचें कारण नाहीं.

'स्तोत्रसंहिता' या ग्रंथांत हाच भाव पसरलेला आहे. ८० व्या स्तोत्रांत मुख प्रकाशित करण्याची विनवणी पालुपदासारखी तीनदां येते, आणि प्रत्येक वेळीं तिच्यापुढें तारणाचा उल्लेख आहे. ६७ व्या स्तोत्रांत मुखप्रकाशापासून आरंभ होऊन शेवट भूमीनें पीक दिल्याच्या उल्लेखानें होतो. उलट १०४ व्या स्तोत्रांत देवानें मुख लपविलें म्हणजे प्राणिमात्र भयभीत होतात असें म्हटलें आहे. तेव्हां या प्रकाशाच्या विरुद्ध अज्ञान उभें नसून उभी आहे ती विमुखता.

संस्कृतांत या कल्पनेस एकच नेमका शब्द आहे, तो 'प्रसाद'. शरदृतूंतील निवळलेलें पाणी प्रसन्न, उजळलेलें मुख प्रसन्न, आणि कृपाळू झालेला देवही प्रसन्न. निर्मळ तेज व अनुग्रह हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दांत एकत्र नांदतात. हिब्रू वचनांत प्रकाशापाठोपाठ कृपा येते तिचें मर्म 'मुखप्रसाद' या शब्दानें जितकें कळतें, तितकें 'ज्योति' या शब्दानें कळत नाहीं.

३. रुप्याचे दोन पत्रे

हें वचन किती जुनें, याविषयीं एक प्रत्यक्ष साधन उपलब्ध आहे. यरुशलेमच्या जुन्या शहराच्या नैऋत्येस केतेफ हिन्नोम येथें इ. स. १९७९ मध्यें गॅब्रिएल बरकाय यांच्या देखरेखीखालीं खडकांत कोरलेल्या थडग्यांचें उत्खनन झालें. त्यांतील एका अस्थिकोठींत रुप्याच्या पातळ पत्र्याच्या दोन लहान गुंडाळ्या मिळाल्या. त्या न मोडतां उलगडण्यास तीन वर्षें लागलीं. मोठा पत्रा सुमारें ९७ मिलिमीटर लांब व २७ रुंद, धाकटा सुमारें ३९ लांब व ११ रुंद. दोहोंवर प्राचीन हिब्रू लिपींत अतिसूक्ष्म अक्षरें कोरलेलीं असून त्यांत वरील आशीर्वादाचे शब्द आहेत. इ. स. २००४ मध्यें नव्या छायाचित्रांवरून प्रसिद्ध झालेल्या वाचनानें त्यांचा काळ इ. स. पूर्व सातव्या शतकाचा शेवट किंवा सहाव्याचा आरंभ हा दृढ झाला. मृत समुद्राकांठच्या सर्वांत जुन्या गुंडाळ्यांहूनही ते सुमारें चारशें वर्षें आधींचे ठरतात. बायबलांतील वचनाशीं जुळणारा याहून प्राचीन लेख अद्याप हातीं आलेला नाहीं.

हे पत्रे म्हणजे ताईत होत. धाकट्या पत्र्यावर देव हा दुष्टास धमकावणारा असें म्हटलें आहे, आणि पाठोपाठ आशीर्वाद संक्षेपानें येतो: कृपेचा व मुख वर करण्याचा भाग त्यांत नाहीं, रक्षण, मुखाचा प्रकाश व शांति एवढेंच आहे. ताईत बांधणाऱ्या त्या अज्ञात मनुष्यानें वचन आंखूड केलें, पण मुखाचा प्रकाश सोडला नाहीं. त्याला तत्त्वज्ञान नको होतें; अरिष्ट टळावें व देवाची दृष्टि आपणांकडे असावी, एवढेंच त्याचें मागणें होतें.

४. मुखापासून हृदयापर्यंत

अर्थ पालटला कोठें? इ. स. १९४७ पासून कुमरान येथील गुहांत ज्या गुंडाळ्या मिळूं लागल्या, त्यांत एका विरक्त यहुदी संघाचा नियमग्रंथ आहे. त्याची प्रत इ. स. पूर्व १०० च्या सुमाराची आहे. त्याच्या दुसऱ्या स्तंभांत हाच आशीर्वाद विस्तारून दिला आहे. मात्र जेथें मुखाचा प्रकाश हवा, तेथें देवानें हृदय जीवनाच्या विवेकानें उजळावें, असें आलें आहे. प्रकाश मुखावरून हृदयांत गेला आणि प्रसाद होता तो बोध झाला.

भाषांतरांचीही साक्ष घेण्याजोगी आहे. अलेक्झांड्रियांतील ग्रीक भाषांतरकारांनीं 'वर प्रकाशणें' व 'प्रगट होणें' असे दोन्ही अर्थ देणारें क्रियापद योजिलें. जेरोमच्या लॅटिन भाषांतरांत, म्हणजे व्हल्गेटमध्यें, देवानें मुख 'दाखवावें' एवढेंच उरलें, प्रकाश गळाला. 'निर्गम' ग्रंथांत सीनाय पर्वतावरून उतरलेल्या मोशेचें मुख तेजाळलें असें आहे. तेथील हिब्रू क्रियापद 'शिंग' या शब्दाच्या धातूचें असल्यामुळें जेरोमनें मुखास शिंगें आलीं असा अर्थ केला, आणि पुढें मायकेलअँजेलोनें कोरलेल्या रोममधील मोशेच्या मूर्तीस खरोखरच शिंगें आहेत. भाषांतरकाराचा एक शब्द संगमरवरांत कसा उतरतो याचें हें बोलकें उदाहरण होय.

नव्या करारांत पौलानें दोन्ही अर्थ पुन्हां एकत्र आणले. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत तो मोशेच्या तेजस्वी मुखाची गोष्ट घेतो, आणि चौथ्यांत म्हणतो कीं, आरंभीं अंधारांतून प्रकाश काढणारा देव आतां अंतःकरणांत प्रकाशला आहे, आणि त्या ज्ञानाचें तेज ख्रिस्ताच्या मुखावर आहे. हृदय, ज्ञान व मुख हीं तिन्ही येथें आहेत. योहानाच्या लेखनांत 'देव प्रकाश आहे' या अर्थाचें विधान येतें तें या परंपरेवर उभें आहे, आणि लगेच त्या प्रकाशांत चालण्याचा व परस्परांच्या सहवासाचा विचार येतो. तें केवळ तत्त्वनिरूपण नव्हे.

५. मराठींतील शब्द

गोमंतकांत फादर स्टीफन्स यांचें मराठी 'ख्रिस्तपुराण' इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. त्या काळीं कॅथलिक ग्रंथकारापुढें व्हल्गेट हाच प्रमाणग्रंथ होता. पंडिता रमाबाईंनीं पुढें हिब्रू व ग्रीक मूळांवरून संपूर्ण बायबल मराठींत आणलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, इ. स. १९२४ मध्यें, प्रसिद्ध झालें. मराठी बायबलांत आढळणारा 'मुखप्रकाश' हा समास मूळास धरून आहे व तो जपण्याजोगा आहे. 'शांति' या शब्दाविषयीं मात्र सावध असावें. हिब्रू 'शालोम' म्हणजे मनाची निश्चलता एवढेंच नव्हे. त्यांत न्यून नसणें, सर्व कुशल असणें हा भाव प्रधान आहे. आमचें 'स्वस्ति' त्यास अधिक जवळचें.

इ. स. पूर्व ५८६ मध्यें बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम जाळलें. ताईत बनले त्याच्या आगेंमागें थोड्याच काळांत हें घडलें. रक्षणाचें वचन गळ्यांत असतांही नगराचें रक्षण झालें नाहीं. आशीर्वाद ही मंत्रसिद्धि असती, तर तें वचन तेथेंच टाकून दिलें गेलें असतें. परंतु तें मागणें होतें, आणि देव मुख लपवूंही शकतो हें मागणाऱ्यांस ठाऊक होतें. म्हणूनच राखेंतून उठून त्यांनीं तें पुन्हां म्हटलें. ख्रिस्ती शास्त्राचा शेवटचा ग्रंथ 'प्रकटीकरण'. त्याच्या अखेरच्या अध्यायांत भक्त देवाचें मुख पाहतील, त्याचें नांव त्यांच्या कपाळावर असेल, आणि दिव्याची वा सूर्याची गरज उरणार नाहीं, असें वर्णन आहे. नांव, मुख आणि प्रकाश: अहरोनाच्या पुत्रांनीं जें मागावयाचें होतें, तेंच येथें पदरांत पडलेलें दाखविलें आहे.