बाळंतिणीची खोली आणि धूर

उदगीर म्हटले म्हणजे १७६० ची लढाई आणि सदाशिवरावभाऊंचा विजय, एवढा इतिहास येथे कोणीही सांगेल. आज आम्ही किल्ल्याकडे पाठ करून चुलीकडे वळतो.

माळवदाच्या घरात हवेला वाट थोडी. त्यात बाळंतीण असली की तिला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, बाजेखाली गोवऱ्यांच्या विस्तवाची शेगडी आणि तीवर ओव्याची, शेपांची धुरी. या शेकामागे माया आहे, हे आम्ही जाणतो. बाळंतिणीला आणि बाळाला ऊब हवीच. परंतु त्याच विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. चुलीपुढे बसलेल्या गर्भवतीच्या रक्तात मग तिच्यापुरता आणि पोटातल्या जिवापुरता, दोघांचाही प्राणवायू उणा पडतो.

हे दुखणे आपल्याच राजधानीत ओळखले गेले होते. १९५६ पर्यंत उदगीर हैदराबाद राज्यातील बिदर जिल्ह्यात होते. त्या हैदराबादेतील अभियांत्रिकी संशोधनशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची मातीची चूल सिद्ध केली. १९५३ साली तिच्यावरील त्यांचे पुस्तक मद्रासेत छापले गेले. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चूल निघाली. पुढे १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि २००२ मध्ये तो आवरला. धुराडे काजळीने तुंबे, वैल घरच्या भांड्याला बसत नसे. ज्या बाईने भाकरी थापायची तिला आधी विचारले असते तर?

२०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस आला. भारतासह चार देशांत सुमारे ३,२०० गर्भवतींवर एक मोठी चाचणी झाली. भारतातील भाग तामिळनाडूत होता. निम्म्या घरांना गॅस फुकट दिला. श्वासातील सूक्ष्म धूलिकण सुमारे दोनतृतीयांशाने उतरले; परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळांच्या सरासरी वजनात म्हणावा असा फरक दिसला नाही. गॅस व्यर्थ, असा अर्थ आम्ही काढीत नाही. गर्भ ९ ते २० आठवड्यांचा झाल्यावर तो गॅस घरात आला; बाई मात्र परकरी वयापासून धूर गिळत आलेली.

शिवाय सिलिंडरने बाजेखालची शेगडी हलत नाही. धूर सरलेला लाल निखारा निर्धोक, असा समज आहे. पण तो वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि लाल निखाऱ्यातूनही निघतच राहतो.