आधी अर्थ तपासा

मोटारींच्या शौकिनांमध्ये एक जुना विनोद सांगतात. इंग्रज माणूस कोमट बिअर का पितो? कारण त्याच्या घरचा फ्रिजही लुकासनंच बनवलेला असतो! १९५० आणि ६०च्या दशकांतल्या एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांमधलं दिवे, डायनॅमो, स्विच असं बहुतेक विजेचं सामान बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास कंपनीचं असे. गाड्या म्हाताऱ्या झाल्या, रात्री-अपरात्री त्यांचे दिवे जाऊ लागले आणि लोकांनी लुकासला पदवी बहाल केली : 'अंधाराचा राजपुत्र'. ही पदवी कितपत न्याय्य आहे, याचा विचार एका गाडीनं मला करायला लावला.

१९९४ साली नोकरीच्या निमित्तानं मी बर्मिंगहॅमला होतो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ एकटेच राहत. त्यांच्याकडे १९६५ सालची एमजीबी होती, दोन आसनांची, उघड्या टपाची. एका संध्याकाळी गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यावर, ऐन वळणावर तिचे पुढचे दिवे मंद होत गेले. त्यांनी गाडी कशीबशी कुंपणाला टेकवली आणि समोरून एक ट्रक अगदी घासून गेला. त्यानंतर मुलीनं बजावलं, "बाबा, गाडी विकून टाका."

माझ्या वडिलांचं पुण्यात, नाना पेठेत, मोटारींच्या वायरिंगचं छोटं दुकान होतं, हे मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं. तेवढ्या ओळखीवर ते आले. गाडी दुरुस्त होईल का, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जरा थांबून विचारला. त्यांच्या दिवंगत पत्नीनं लुकासच्या ग्रेट किंग स्ट्रीटवरच्या कारखान्यात, दिवे जुळवण्याच्या बाकावर, कितीतरी वर्षं काम केलं होतं. क्लबात तो विनोद झाला की हेही हसत. पण दोष खरोखर तिथलाच का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

जोसेफ लुकास (१८३४–१९०२) हा मूळचा रॉकेल विकणारा माणूस. रॉकेलवरून तो कंदिलांकडे वळला. १८७०च्या दशकात त्यानं जहाजांचे कंदील विकले, पाठोपाठ सायकलचा दिवा काढला. त्या दिव्याचं नाव 'किंग ऑफ द रोड', म्हणजे रस्त्याचा राजा! मोटारी आल्या तशी कंपनी वाढत गेली. ग्रेट किंग स्ट्रीटच्या कारखान्यात हजारो स्त्रिया बाकांवर बसून काम करत. १९३१च्या जानेवारीत त्यांच्या हातांचा वेग स्टॉपवॉच लावून मोजायला सुरुवात झाली, तेव्हा जेसी ईडन या कामगार स्त्रीच्या पुढाकारानं त्या संपावर गेल्या आणि ती पद्धत कंपनीला मागे घ्यावी लागली. विनोदातला 'लुकास' म्हणजे कुणी एक माणूस नव्हे; त्या नावामागे हे सगळे हात होते.

आता गाडीकडे वळू. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला तयार होत होती. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. तिचं १७९८ सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाच्याच कुळातलं. त्यामुळे बॉनेट उघडल्यावर मला परकं वाटलं नाही.

वायरिंग मात्र त्या काळच्या काटकसरीचं. सगळ्या गाडीला फ्यूज फक्त दोन, आणि पुढच्या दिव्यांना एकही नाही. रिलेही नाही, दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि पायापाशी असलेल्या डिपर स्विचमधून जायचा. सीटांच्या मागे, झाकणाखाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. शिवाय १९६७ सालापर्यंतच्या या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. आज सर्रास ऋण टोक जोडतात. हे ध्यानात न ठेवता आजचा रेडिओ बसवला, तर तो जळालाच म्हणून समजा.

एक गोष्ट मात्र फार सोयीची. तारांचे रंग ठरलेले असतात. तपकिरी तार थेट बॅटरीची, फ्यूजशिवायची. पांढरी इग्निशनची. हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून येणारी. निळी पुढच्या मोठ्या दिव्यांची, लाल छोट्या दिव्यांची आणि काळी अर्थची. ही वर्णमाला वडिलांनी मला दहाव्या वर्षीच पाठ करून घेतली होती. त्यांचा दुसरा धडा असा : दिवा लागत नसेल तर दिव्याला शिव्या देऊ नकोस, आधी अर्थ बघ.

प्रवाह दिव्यापर्यंत जातो तसा त्याला बॅटरीकडे परतही यावं लागतं. हा परतीचा रस्ता म्हणजे गाडीची लोखंडी बॉडी, म्हणजेच अर्थ. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर पाच अँपियर घेतो. परतीच्या वाटेत गंजामुळे नुसता अर्ध्या ओहमचा अडथळा आला, तरी सुमारे दोन व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि उजेड जवळपास निम्म्यावर येतो. या गाडीत साइड इंडिकेटर लावला की शेजारचा छोटा दिवाही मिणमिणायचा. प्रवाहाला सरळ वाट मिळाली नाही की तो असा दुसऱ्याच्या घरातून वाट काढतो. खूण स्पष्ट होती.

दिवे लावले. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थवर आणि दुसरं दिव्याच्या काळ्या तारेवर धरलं. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं. दिसले तीन व्होल्ट. दिव्याशेजारच्या बॉडीवर धरलं, तर शून्य. म्हणजे बिघाड काळी तार आणि बॉडी यांच्यामध्येच होता. बॅटरीची तार सोडवून जाळीमागे हात घातला. तिथल्या रबरी नळीतला, बंदुकीच्या गोळीसारख्या टोकाचा जोड हिरवट बुरशीनं भरला होता. तीस वर्षं पावसाचं पाणी थेट त्याच्यावर उडत होतं. दिव्याच्या आत मात्र सगळं चकचकीत आणि घट्ट होतं.

त्याहून भयंकर प्रकार डॅशबोर्डखाली सापडला. कुणीतरी पूर्वी तपकिरी तार सोलून, तिच्यावर फ्यूजशिवाय रेडिओची तार पिळून चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी सुकून सुटली होती. एखाद्या खड्ड्यात ती तार बॉडीला लागली असती, तर गाडीनं पेट घेतला असता.

जोड घासून साफ केले, नळ्या बदलल्या, ती पिळलेली तार काढून टाकली, पुढच्या दिव्यांना रिले आणि फ्यूज बसवले. दोन रविवार गेले. मीटर शून्याजवळ आला.

मग मी त्यांना जे दिसलं ते सांगितलं. दोन फ्यूजांची काटकसर मूळच्या आराखड्यातली, ती नाकारता येत नाही. पण ही गाडी दहा वर्षं चालावी म्हणून बनवलेली, आणि चालवली तीस वर्षं. गंज काळाचा, पिळलेली तार कुणा उतावळ्याची. बाकावर जुळवलेला दिवा अजून ठणठणीत होता. त्यांनी तो काढलेला दिवा हातात घेतला, काच रुमालानं पुसली आणि म्हणाले, "आता बसवू या."

त्या रात्री आम्ही त्याच वळणावरून गेलो. कुंपणाचं पान न् पान दिसत होतं. गाडी त्यांनी विकली नाही.

१९९६ साली लुकास दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. ग्रेट किंग स्ट्रीटचा तो कारखानाही आता उरलेला नाही. विनोद तेवढा टिकून आहे. कुणी तो सांगितला की मीही हसतो. मग विचारतो, अर्थ तपासला होता का?