पाव सेकंदाचा हिशोब

गणपतीत ताईकडे गेलो होतो. भाच्याने नवा हिरवा लेझर पॉइंटर आणला होता आणि समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर ठिपका नाचवणं चाललं होतं. मध्येच त्याची धाकटी बहीण आडवी आली आणि मी जरा ओरडलोच. "मामा, एवढुसा तर आहे, काय होतंय त्याने!" पॉइंटर हातात घेऊन शोधलं. वर कुठे काहीही छापलेलं नाही. रात्री मग वाचत बसलो. एवढुसा म्हणजे नक्की किती, हे कोणी आणि कसं ठरवलं?

गोष्ट लेझरच्या आधी सुरू होते. ९ जुलै १९४५ ला युरोपात सूर्यग्रहण होतं. ते उघड्या डोळ्यांनी पाहिलेला एक विद्यार्थी जर्मनीत मायर-श्विकेराथ या नेत्रतज्ज्ञाकडे आला. त्याच्या दृष्टिपटलावरचा भाजल्याचा डाग पाहून डॉक्टरांना वेगळंच सुचलं. प्रकाशाने पडदा भाजतो, तर फाटलेला पडदा प्रकाशानेच का डागू नये? आधी आरशांनी सूर्यप्रकाश आत आणून, नंतर झेनॉनच्या दिव्याने त्यांनी ते करून दाखवलं. म्हणजे इजा आणि इलाज एकाच डागातून निघाले!

१६ मे १९६० ला कॅलिफोर्नियात मेमनने माणकाचा पहिला लेझर पेटवला. सुरुवातीला लेझरची ताकद 'जिलेट'मध्ये मोजत म्हणे, म्हणजे किरण दाढीच्या किती ब्लेडींना भोक पाडतो ते. (हसू नका, मोजमापाची सुरुवात बहुधा अशीच होते.) पण डोळ्याला ब्लेड चालत नाही. लेझरचे किरण जवळजवळ समांतर येतात. ७ मिलिमीटरच्या बाहुलीतून शिरलेला झोत डोळ्याचं भिंग २० मायक्रॉनच्या ठिपक्यात गोळा करतं, म्हणजे तीव्रता लाखपट. आपलं स्वतःचं भिंगच घात करतं.

मग साठच्या दशकात प्रयोगशाळांमध्ये सशांच्या आणि माकडांच्या डोळ्यांवर प्रयोग झाले. ठरावीक प्रकाश टाकायचा, काही वेळाने पडद्यावर बारीकसा डाग दिसतो का पाहायचं, मग कमीजास्त करून पुन्हा. ज्या मात्रेला निम्म्या वेळा डाग पडतो तो आकडा धरायचा आणि त्याच्या साधारण दहाव्या हिश्शावर माणसासाठी रेघ ओढायची. त्या मुक्या जिवांचं नाव कुठल्याही तक्त्यात नाही. असो.

या सगळ्यातून १९७३ मध्ये अमेरिकेत लेझर सुरक्षेचं पहिलं राष्ट्रीय मानक आलं. त्यातला हिशोब मला फार आवडला. वेळ चौपट केला तर चालणारी ऊर्जा चौपट होत नाही, २.८ पटच होते. पूर्ण चौपट का नाही? कारण उष्णता आजूबाजूला झिरपते खरी, पण हळू. आता दिसणारा झगझगीत प्रकाश डोळ्यावर आला की माणूस पाव सेकंदात डोळा मिटतो किंवा मान वळवतो असं धरलं. तेवढ्या वेळासाठी मर्यादा येते दर चौरस सेंटिमीटरला २.५५ मिलिवॉट. उघड्या बाहुलीचं क्षेत्रफळ ०.३८५ चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा: ०.९८. हाच तो 'वर्ग २' च्या लेझरवरचा १ मिलिवॉट! एवढा मोठा डोलारा पापणीच्या लवण्यावर उभा आहे.

आणि पापणी नेहमी लवतेच असं नाही. या शतकाच्या सुरुवातीला कोलोनमधल्या संशोधकांनी स्वयंसेवकांवर सुरक्षित मर्यादेतला लेझर टाकून पाहिलं, तर वेळेत डोळा मिटणारे थोडेच निघाले. रेघ दहाव्या हिश्शावर ओढली होती म्हणून बरं.

न दिसणाऱ्या किरणांपुढे तर पापणी कामाचीच नाही. १९७७ मध्ये डेकर नावाच्या संशोधकाने 'लेझर फोकस' मासिकात स्वतःचा अपघात लिहिला. अवरक्त लेझरचा परावर्तित स्पंद डोळ्यात गेला आणि त्याला डोळ्याच्या आत 'फट्' असा आवाज ऐकू आला. संरक्षक चष्मा प्रयोगशाळेत होता, पण डोळ्यावर नव्हता. हे वाचून मी उठून पाणी प्यायलो.

हिरव्या पॉइंटरच्या पोटातही बहुतेक वेळा असाच अवरक्त लेझर असतो, त्याचाच हिरवा करतात. स्वस्तातल्यात गाळणी नसली तर अवरक्तही बाहेर येतो. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१० मध्ये असा एक पॉइंटर तपासला, तर हिरव्यापेक्षा न दिसणारा प्रकाशच जास्त निघाला.

आपल्याकडे २०२३ च्या विसर्जन मिरवणुकांनंतर पुण्यात, कोल्हापुरात लेझरने डोळे गेल्याच्या बातम्या आल्या आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात त्यावर बंदी घातली. ट्रकवरच्या त्या दिव्यांचे मिलिवॉट किती होते, हे गर्दीत मान वर करून पाहणाऱ्या कुणाला ठाऊक असणार?

सकाळी भाच्याला कागदावर तो गुणाकार करून दाखवला. त्याने निमूट ऐकलं आणि विचारलं, "मग मामा, हा किती मिलिवॉटचा?" मी पुन्हा एकदा पॉइंटर उलटसुलट करून पाहिला. सध्या तो माझ्या खणात आहे, सेल काढून.