सुरतेचा रुपया, परदेशी रियाल आणि महाजनांची पत

देवस्थानाच्या कारभारात ‘महाजन’ हा शब्द आपल्या नित्य परिचयाचा आहे. सतराव्या शतकातील सुरत शहरातही तो तितकाच रूढ होता. मात्र तेथे महाजन म्हणजे व्यापारी व सराफ यांची सर्वमान्य सभा. या सभेचे सामर्थ्य किती होते, हे त्या बंदरातील नाण्यांच्या भावाचा इतिहास पाहिल्यास स्पष्ट होते.

१५७३ मध्ये अकबराने सुरत जिंकली. मोगलांचा रुपया आला, तरी गुजरातच्या सुलतानांच्या अमदानीतील ‘महमुदी’ हे रौप्यनाणे लोकांच्या हातून लगेच गेले नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी सुरतेचे व्यापारी हिशेब महमुदीतच लिहीत. विशेष म्हणजे ही महमुदी आपल्या बागलाणात, मुल्हेर येथेही पाडली जात असे. साधारण अडीच महमुदींचा एक रुपया असा हिशेब असे. परंतु तो कायमचा ठरलेला नव्हता. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागलाण घेतले आणि पुढे रुपयाचेच वर्चस्व राहिले.

या दोन नाण्यांच्या जोडीला समुद्रमार्गे तिसरे नाणे येई, ते म्हणजे स्पेनचा रियाल. अमेरिका खंडातील पोटोसीसारख्या खाणींची चांदी स्पेनच्या टांकसाळीत नाणे होई, आणि तेथून युरोपीय जहाजांतून, तसेच मोखा व बसरा या बंदरांवरून सुरतेस पोहोचे. इंग्रज व डच यांनी युरोपातून आणलेल्या मालाला येथे फारसे गिऱ्हाईक नव्हते. कापड आणि नीळ घ्यायची तर रोख चांदीच मोजावी लागे. रियालाचे वजन सुमारे सत्तावीस ग्रॅम, तर रुपयाचे सुमारे साडेअकरा ग्रॅम. रियालात हीण थोडे अधिक असे. रुपयाची चांदी जवळजवळ निर्भेळ. टांकसाळीची घट व मजुरी वजा जाता एका रियालास दोन रुपयांहून थोडे अधिक मिळत.

हा भाव कोण ठरवी? बादशहाचे फर्मान तो ठरवीत नसे. परकीय नाणे बाजारात नाणे म्हणून चालतच नसे. ते चांदी म्हणून तोलले जाई. कोणीही आपली चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शके. पण जहाजे एकदम आली की तेथे आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. ज्याला तातडी असे, तो थोड्या कमी भावाने सराफाला चांदी विकून मोकळा होई. खुद्द रुपयाचाही एकच भाव नव्हता. नवा पाडलेला तो ‘सिक्का’, मागील वर्षांचा तो ‘चलनी’. जुन्या नाण्यावर बट्टा कापला जाई. झीज किती, कस कोणता, बंदरात जहाजे किती, हे सारे पाहून सराफ भाव सांगे आणि शहर तो मानी.

या मान्यतेची कसोटी १६६९ मध्ये लागली. काझीच्या धार्मिक जुलुमाने त्रस्त होऊन त्या वर्षीच्या सप्टेंबरात सुमारे आठ हजार वाणी सुरत सोडून भडोचला निघून गेले. मागे राहिलेल्यांनी महाजनांच्या आज्ञेशिवाय दुकान उघडावयाचे नाही, असा कडक निर्बंध स्वीकारला. सुरतेच्या इंग्रज वखारीतून त्या वेळी लिहिलेल्या पत्रात नोंद आहे की, टांकसाळ बंद, जकातघर बंद, आणि व्यापारासाठी सोडाच, घरखर्चापुरताही पैसा मिळेनासा झाला. किल्ला जागेवर होता, फौज जागेवर होती, बादशहाच्या नावाचा ठसाही जागेवर होता. तरी नाण्याचा प्रवाह आटला. अखेर बादशहाकडून अभयाचे आश्वासन आले, आणि डिसेंबरात मंडळी परतली.

हेच तत्त्व पाच वर्षांनी रायगडावर वेगळ्या प्रसंगी प्रकट झाले. १६७२ मध्ये इंग्रजांनी मुंबईस टांकसाळ घातली होती. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी त्यांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडास आला. मुंबईचे नाणे स्वराज्यात चालावे, हे त्याच्या मागण्यांतील एक कलम होते. शिवाजी महाराजांचे उत्तर त्याच्या वृत्तांतात नमूद आहे. त्याचा आशय असा की, आपण कोणत्याही नाण्यास मनाई करीत नाही. पण ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्तीही करणार नाही. इंग्रजांचे नाणे मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतके शुद्ध आणि वजनदार असेल, तर ते आपोआप चालेल. १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरतेची संपत्ती हस्तगत करणाऱ्या या राजाला नाण्याचे मोल कशात असते, हे नेमके ठाऊक होते.

इंग्रजांनाही ते अनुभवाने उमगले. १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाचे फर्मान मिळवून त्यांनी मुंबईत मोगली धाटणीचा रुपया पाडला; पुढे मुंबईच्या रुपयांवर सुरतेचेच नाव राहिले. ज्या नाण्यावर लोकांचा विश्वास, त्याच्याच नावाचा आश्रय त्यांना घ्यावा लागला. १८०० मध्ये सुरतेचा कारभार कंपनीच्या हाती गेला. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया कंपनीच्या मुलुखात लागू झाला, आणि सिक्का, चलनी, बट्टा हे शब्द हळूहळू व्यवहारातून मागे पडले.

राजे बदलले, ठसे बदलले, टांकसाळीही मिटल्या. महमुदी, रियाल आणि रुपया यांतील अंतर तराजू सांगे. परंतु तो तराजू ज्याच्या हाती, त्याची सचोटी हाच त्या भावाचा खरा आधार होता. सुरतेच्या महाजनांपाशी सैन्य नव्हते, होती ती पत. आणि ती त्यांनी एकजुटीने व चोख हिशेबाने राखली होती. महाजन हे नाव धारण करणाऱ्या कोणत्याही संस्थेने जपावा असाच हा वारसा आहे.