हाडे मऊ करणारे यंत्र

गोमांसाचे नाव निघताच ह्या सभेतील काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडेल, ह्याची आम्हांस कल्पना आहे. तरीही आजचा विषय त्याच्याशिवाय सांगता येणार नाही. कारण आपल्या घराघरांत वरणभातासाठी जो प्रेशर कुकर शिट्ट्या घालतो, त्याचा मूळपुरुष वरणभातासाठी जन्माला आलाच नव्हता. तो जन्माला आला म्हाताऱ्या गुरांच्या चिवट मांसासाठी आणि त्याहीपेक्षा त्यांच्या हाडांसाठी.

ह्या यंत्राचा जनक देनी पापँ. इंग्रज त्याला डेनिस पेपिन म्हणतात. १६४७ साली फ्रान्समध्ये ब्ल्वा शहराजवळ तो जन्मला. शिक्षण वैद्यकाचे झाले, पण मन रमले यंत्रांत. पॅरिसमध्ये हायगेन्सच्या हाताखाली त्याने हवा काढण्याच्या पंपावर काम केले आणि १६७५ साली लंडनला येऊन रॉबर्ट बॉइलकडे तेच काम पुढे चालविले. तो प्रॉटेस्टंट होता. त्याच्या पंथाच्या लोकांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा फर्मान १६८५ साली चौदाव्या लुईने रद्द केला आणि पापँला स्वदेशाचे दार कायमचे बंद झाले. म्हणजे हा गृहस्थ जन्मभर परक्यांच्या आश्रयाने राहिला. त्याचे कागद वाचताना ही गोष्ट विसरून चालत नाही. जो दुसऱ्याच्या दारी असतो, त्याला आपली विद्या उपयोगाची आहे हे पदोपदी सिद्ध करावे लागते.

१६७९ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले पात्र मांडले आणि १६८१ मध्ये त्याचे वर्णन करणारे पुस्तक इंग्रजीत छापले. पात्राला त्याने ‘डायजेस्टर’ म्हणजे पचविणारे यंत्र असे नाव दिले होते. रचना सोपी होती. धातूचे जाड नळकांडे, आत अन्नाचे भांडे, वर घट्ट झाकण आणि ते झाकण दाबून धरणारा स्क्रू. वाफेला बाहेर जायला वाट नाही, म्हणून आत दाब वाढतो. दाब वाढला की पाणी शंभर अंशांवर उकळत नाही, त्याच्याही वर तापत राहते. असे भांडे कधी फुटेल ह्याचा नेम नव्हता. म्हणून पापँने झाकणाला एक बारीक नळी बसविली, तिच्या तोंडावर झडप ठेवली आणि झडपेवर तरफेला वजन टांगले. दाब वजनाच्या पलीकडे गेला की झडप उचलली जाई. आपल्या कुकरच्या डोक्यावर जे वजन डुलते, ते ह्याच झडपेचे वंशज होय.

पण आम्हांला ह्या पुस्तकात सर्वांत मौज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आतली उष्णता किती झाली हे ओळखायचे कसे? भरवशाचा तापमापक तेव्हा बाजारात मिळत नव्हता. पापँने झाकणावरील खळगीत पाण्याचा एक थेंब टाकला आणि तो किती सेकंदांत उडून जातो हे लंबकाच्या झोक्यांनी मोजले. दर खेपेला कोळसा किती जळाला हेही त्याने तोलून लिहिले. मटण, गोमांस, ससे, कबुतरे, मासे, वाटाणे असे एकेक पदार्थ घेऊन दाब केवढा, कोळसा केवढा, मांस कसे झाले, हाड कसे झाले, ह्याची नोंद केली. स्वयंपाक हा विषय इतक्या शिस्तीने प्रयोगशाळेत नेणारा ह्याच्या आधीचा कोणी आमच्या पाहण्यात नाही.

१२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीच्या काही सभासदांनी ह्या पात्रांत शिजविलेले रात्रीचे जेवण घेतले. रोजनिशीकार जॉन एव्हलिन त्या पंगतीत होता. गाईबैलांची कठीण हाडे चीजसारखी मऊ झाली होती, माशांचे काटे सुद्धा खाता येत होते, आणि कबुतरांची चव त्याला सर्वांत आवडली, असे त्याने नोंदविले आहे. हाडांतून निघालेल्या रसाची पेलाभर जेली त्याने घरी बायकोला पाठविली. विद्वानांच्या पंगतीतून घरी वाटी पाठविणारा हा मनुष्य आम्हांला फार आपलासा वाटतो.

आता मांस चिवट का असते, हे थोडे पाहू. जनावर ज्या अवयवांनी चालते, ओढते, मान वळविते, तेथील स्नायूंत बांधणीच्या तंतूंचे जाळे दाट असते. ह्या तंतूंत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. पिंडरी, मान, छाती, शेपूट ह्या भागांत ते भरपूर. पाठीच्या कण्याजवळचा भाग फारसा राबत नाही, म्हणून तो कोवळा. म्हणूनच तो महाग, आणि श्रीमंताच्या ताटात. राबलेले मांस गरिबाच्या वाट्याला येते, मग ते जनावर असो वा नसो! पाण्याबरोबर बराच वेळ तापत ठेवले की कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटीन होते आणि रस्सा ओठांना चिकटू लागतो. पण साध्या भांड्यात ह्याला अडीच-तीन तास लागतात. कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत चढते आणि तेच काम पाऊण तासात होते. पूर्वी गरिबाला मांस स्वस्त मिळाले तरी ते शिजविण्याचे जळण महाग पडत असे. पापँने कोळसा तोलला तो ह्यासाठी.

येथे एक बारकावा आहे. तापलेला कुकर एकदम थंड पाण्याखाली धरला किंवा वाफ झटकन सोडली, तर आतला रस खळखळून उकळतो आणि मांसातले पाणी बाहेर फेकले जाते. मांस तोंडात सुटते खरे, पण कोरडे लागते. वाफ आपोआप जिरू द्यावी. मटणाचे पाये करणाऱ्या आपल्याकडच्या गृहिणींना हे कोणी शिकवावे लागत नाही.

पापँची मोठी आशा मात्र मांसावर नव्हती, हाडांवर होती. हाडे फुकट जातात. ती मऊ करता आली तर गरिबांची भूक भागेल, असे त्याला वाटे. ही आशा त्याच्यामागे दीडशे वर्षे टिकली. पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने वाफेच्या दाबाने हाडांतून जिलेटीन काढण्याची यंत्रे उभारली आणि १८२९ पासून सँ-लुई रुग्णालयात रोग्यांना त्याचे सूप मिळू लागले. खर्च नाममात्र. दाते खूष, व्यवस्थापक खूष. फक्त रोग्यांना ते गिळवेना. वाद वाढला, तेव्हा फ्रेंच विज्ञान अकादमीने चौकशी-मंडळ नेमले. शरीरशास्त्रज्ञ माझांदी ह्याने १८४१ मध्ये त्या मंडळाचा अहवाल दिला. नुसत्या जिलेटीनवर ठेवलेली कुत्री खंगली आणि मेली. जिलेटीनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक ॲमिनो आम्ल मुळीच नसते, हे कारण आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हते. गरिबांना काय पुरेल हे गरिबांना न विचारता ठरविणाऱ्यांची ही कथा आहे, आणि तिच्यात खलपुरुष कोणीच नाही, हेच तिच्यातले दुःख. चिवट मांसाची गोष्ट निराळी. त्यात जिलेटीनच्या जोडीला स्नायूचे पूर्ण प्रथिन असते. म्हणजे पापँचे यंत्र खरे ठरले, पण त्याने ज्यावर भिस्त ठेवली त्या पदार्थासाठी नव्हे.

पापँ पुढे जर्मनीत मारबुर्ग येथे गणिताचा अध्यापक झाला. वाफेने दट्ट्या हलविण्याची कल्पना त्याने १६९० मध्ये लाइप्झिगच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली; न्यूकमनचे एंजिन त्यानंतर बावीस वर्षांनी, १७१२ साली चालू झाले. १७०७ मध्ये त्याने बांधलेली चाकांची नाव म्युंडेन येथे नावाड्यांच्या संघाने मोडून टाकली. ती वाफेवर चालत होती असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ती हातांनी चालविण्याची होती हेच खरे. पापँ लंडनला परतला तेव्हा बॉइल आणि हूक दोघेही वारलेले होते. सोसायटीकडे पैशासाठी अर्ज करीत करीत १७१३ च्या सुमारास तो दारिद्र्यात गेला.

त्याचे पात्र मात्र हिंडत राहिले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ओतीव लोखंडाचे डायजेस्टर विकले जात. १८७९ मध्ये पाश्चरचा सहकारी शांबरलाँ ह्याने त्याच तत्त्वावर शस्त्रे निर्जंतुक करण्याचे यंत्र केले. अमेरिकेत १९३९ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात घरगुती कुकर मांडला गेला. आपल्याकडे मुंबईची हॉकिन्स कंपनी १९५९ साली स्थापन झाली, आणि कुकरमध्ये मांसाऐवजी तुरीची डाळ पडली. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, म्हणून तेथे उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही. कुकर आल्यावर ती तक्रार मिटली. गोव्यातील ख्रिस्ती घरांत मात्र गोमांसही त्याच भांड्यात शिजते. किती शिजले हे पापँ थेंबावरून ओळखी, आपण शिट्ट्यांवरून ओळखतो.