एका कपलरची गोष्ट: पद्मिनीत जिप्सीचं इंजिन बसवताना

जुन्या गाड्यांवर बोलायला लागल्यापासून एक प्रश्न सारखा येतो. 'फियाटमध्ये नवं इंजिन बसवतोय, वायरिंगला कपलर कुठले घेऊ?' बऱ्याच जणांना वाटतं की मी चटकन एक नाव सांगावं आणि त्यांनी नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाऊन ते घेऊन यावं. नावं सांगतो, पण शेवटाकडे. कारण बाजारात जे पाच-सहा प्रकारचे कपलर टांगलेले दिसतात, ते एकाच वेळी एकाच कामासाठी जन्माला आलेले नाहीत. त्या त्या काळात तारेतून काय वाहत होतं ते कळलं की निवड आपोआप सोपी होते.

आधी उदाहरण ठरवून घेऊ. प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनायला लागली, सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर, पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर, आणि ताकद मागच्या चाकांना. आता या गाडीत मारुतीचं १३०० सीसी एमपीएफआय इंजिन बसवायचं म्हटलं तर लोक आधी एस्टीमकडे बघतात, कारण भंगारात ते इंजिन सहज मिळतं. पण एस्टीमचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. त्याच घराण्यातलं १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन जिप्सी किंगमध्ये उभं बसतं, आणि जिप्सीचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळा असतो. म्हणजे गिअरबॉक्समधून निघालेला प्रॉपेलर शाफ्ट थेट मागच्या अ‍ॅक्सलकडे नेता येतो. (आरटीओची परवानगी आधी, काम नंतर. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर हवी. हा वेगळ्या भागाचा विषय आहे.)

आता तारा मोजा. पद्मिनीच्या मूळ इंजिनाला बोटांवर मोजण्याइतक्याच तारा जातात: कॉइल, स्टार्टर, चार्जिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, तापमानाचा काटा. जिप्सीच्या इंजिनावर चार इंजेक्टर आहेत. शिवाय पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा, मॅनिफोल्डमधल्या दाबाचा, थ्रॉटलचा, आयडल व्हॉल्व्ह, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर. प्रत्येकाला स्वतःचा कपलर. म्हणजे इंजिन एक उचललं, पण गाडीत दोन वेगवेगळ्या जमान्यांचं वायरिंग एकत्र नांदवायचं आहे.

पहिला जमाना फार साधा होता. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि तिथून गाडीत बॅटरी, चार्जिंग, दिवे असा संसार थाटला गेला. जोड म्हणजे स्क्रू आणि नट. पुढे ब्रिटिश गाड्यांमध्ये ल्युकसची बुलेट आली: तारेच्या टोकाला पितळेची गोळी, आणि ती रबरात गुंडाळलेल्या नळीत दाबायची. आपल्याकडे मॉरिस ऑक्सफर्डची अँबॅसेडर झाली तेव्हा हे सगळं तिच्यासोबत आलं. जुन्या अँबॅसेडरच्या बॉनेटखाली हेडलाइटजवळ बघा, अजून सापडेल. फियाटने युरोपातल्या रिवाजाप्रमाणे चपट्या पट्टीचे टर्मिनल वापरले.

इंग्लंडमध्ये जोसेफ ल्युकसला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून हिणवायची जुनी चाल आहे. मला ती अन्यायाची वाटते. बुलेटच्या जोडाला पाण्यापासून संरक्षण नव्हतं हे खरं, पण तिच्याकडून अपेक्षा तरी काय होती? दिव्याला, हॉर्नला करंट पोचवायचा. समजा जोडावर कार्बन धरला आणि तिथे ०.१ ओहम अडथळा तयार झाला. दहा अँपिअर वाहत असतील तर तिथे एक व्होल्ट गळून जातो. दिवा पिवळा पडतो, जोड हाताला गरम लागतो. वायरमन बोटानं चाचपून पाच मिनिटांत दोष काढतो. जुनं वायरिंग बिघडायचं, पण ते बिघडलेलं दिसायचं.

दरम्यान एक मोठी गोष्ट मोटारींच्या बाहेर घडली. १९४१ मध्ये अमेरिकेत उन्कस व्हिटेकर यांनी एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली. तीच पुढे एएमपी म्हणून ओळखली गेली. विमानं आणि जहाजं यांच्या वायरिंगसाठी त्यांनी सोल्डरशिवाय दाबून बसवायचे टर्मिनल विकायला सुरुवात केली. आपल्याकडे ज्याला लग पंच करणं म्हणतात ते हेच. गॅरेजमध्ये आजही वाद चालतो: सोल्डर पक्का की पंच? थरथरणाऱ्या इंजिनावर पंच. कारण सोल्डर वितळून तारेच्या बारीक धाग्यांमध्ये वर चढतो आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. ताठ भाग जिथे संपतो आणि लवचिक तार सुरू होते, नेमकी तिथेच ती हादऱ्यांनी तुटते. नीट केलेल्या पंचात तांब्याचे धागे आणि टर्मिनलचा धातू इतके दाबले जातात की मध्ये हवा शिरायला जागा उरत नाही. हवा नाही म्हणजे गंज नाही. मात्र 'नीट केलेल्या' या शब्दांवर सगळं अवलंबून आहे. पकडीनं चेपलेला लग हा पंच नव्हे.

मग आला धूर. लॉस एंजेलिसच्या धुरक्यानं हैराण झालेल्या अमेरिकेनं १९७० मध्ये हवेचा कायदा कडक केला. १९७५ च्या मॉडेलपासून तिथल्या बहुतेक गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला. पण तीन प्रकारचे विषारी वायू एकदम साफ करणाऱ्या कन्व्हर्टरची एक अट असते: एका भाग पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ भाग हवा. कमी नको, जास्त नको. कार्बोरेटरला हे सतत सांभाळता येणं शक्य नव्हतं. म्हणून एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला. बॉशनं तो बनवला आणि व्हॉल्वोनं १९७७ च्या मॉडेलमध्ये कॅलिफोर्नियासाठी बसवला. त्याच्या आधी १९६७ मध्येच बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन फोक्सवॅगन १६०० वर आलं होतं. जनरल मोटर्सनं १९८१ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्यांना कॉम्प्युटर लावला.

हा ऑक्सिजन सेन्सर बोलतो तरी किती हळू? पेट्रोल कमी असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट, जास्त असेल तर ०.९. सगळी भाषा एका व्होल्टच्या आत. ज्या जोडावर एक व्होल्ट गळाला तर पूर्वी दिवा जरासा पिवळा पडायचा, तिथे आता अख्खं वाक्यच गिळलं जातं.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर घ्या, म्हणजे आकड्यात कळेल. मारुतीच्या या जातीच्या इंजिनांत २० अंशाला त्याचा रेझिस्टन्स अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, ८० अंशाला तीनशेच्या थोडा वर. इंजिन पूर्ण तापलंय, आणि कपलरमध्ये पाणी शिरून तीनशे ओहमचा अडथळा वाढला. कॉम्प्युटरला दिसतात सहाशे. त्याचा अर्थ तो लावतो साठ अंशांच्या आसपास, आणि इंजिन अजून कोमट आहे असं समजून पेट्रोल जास्त सोडतो. अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळे होतात. कपलरला हात लावला तर तो गारच, कारण त्यातून करंट असा वाहतच नाही. स्कॅनरसुद्धा गप्प, कारण साठ अंश हे काही अशक्य तापमान नाही. मेकॅनिक इंजेक्टर साफ करतो, पंप बदलतो, मालकाचे पैसे जातात. जुना जोड बिघडला की बंद पडायचा. हा बिघडला की खोटं बोलतो.

म्हणून कपलर बदलले. यात मला सगळ्यात आवडते ती पॅकार्डची कहाणी. ओहायोतल्या वॉरन गावात पॅकार्ड बंधूंनी १८९० मध्ये विजेच्या सामानाची कंपनी काढली. १८९९ मध्ये त्यांनी मोटार बनवली, आणि पुढे मोटारीचा धंदा डेट्रॉइटला गेला. विजेची कंपनी गावातच राहिली, गाड्यांच्या केबल बनवत राहिली, आणि १९३२ मध्ये जनरल मोटर्सनं ती घेतली. पॅकार्ड मोटार पन्नासच्या दशकात संपली. पण जनरल मोटर्सच्या गाड्यांत कॉम्प्युटर आला तेव्हा याच पॅकार्ड इलेक्ट्रिकचा वेदर-पॅक कपलर सर्वत्र दिसू लागला. प्रत्येक तारेवर सिलिकॉन रबराचं छोटं बूच, त्याला कडा, आणि दोन अर्धे भाग जुळतात तिथे आणखी एक सील. पाणी बाहेरच. त्यामागून मेट्री-पॅक आला. त्याच्या नावातले १५०, २८०, ४८०, ६३० हे आकडे म्हणजे पात्याची रुंदी: १.५ मिलिमीटर, २.८, असं. दुकानदारानं आकडा सांगितला की लगेच समजतं.

तिकडे ट्रक आणि अर्थमूव्हरवाल्यांसाठी डॉइचचे डीटी कपलर रूढ झाले. यात पत्रा वाकवलेलं टर्मिनल नसून भरीव गोल पिना असतात, आणि त्या आत जागेवर अडकवायला एक वेगळी पाचर. छोटा डीटीएम साडेसात अँपिअरचा, मधला डीटी तेराचा, मोठा डीटीपी पंचवीसचा. चिखलातल्या जेसीबीवर टिकतो तो फियाटमध्ये टिकणारच. पण भरीव पिनेला चार बाजूंनी दाबणारं वेगळं हत्यार लागतं. ते नसेल तर डॉइचच्या वाटेला जाऊ नका, इतकं मी स्पष्ट सांगतो.

आपल्याकडे हा बदल उशिरा पण झपाट्यानं झाला. १९८३ मध्ये मारुती आली. १९८६ मध्ये जपानच्या सुमितोमोसोबत मदरसन सुमी उभी राहिली आणि जपानी पद्धतीचं वायरिंग इथे बनू लागलं. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्ली परिसरासाठी आदेश दिला की १ एप्रिल २००० पासून नव्या खासगी गाड्या युरो-२ च्या हव्यात. कार्बोरेटरचे दिवस भरले. पद्मिनीही त्याच सुमारास थांबली. म्हणजे आपण ज्या दोन गाड्या जोडायला निघालोय, त्यांच्यामध्ये हीच रेघ आहे.

आता निवड. सेन्सर आणि इंजेक्टर यांच्या टोकाला प्रयोग नकोत. जिप्सीचे मूळ कपलरच ठेवा. भंगारवाल्याकडून इंजिन घेताना वायरिंग आणि ईसीएम त्याच गाडीचे मागा. तो तारा कपलरच्या अगदी मुळाशी छाटतो. त्याला आधीच सांगा की वीतभर तार सोडून काप. प्लॅस्टिक उन्हानं कडक होऊन खटका तुटला असेल तर तो कपलर टाकून द्या, टेप मारून चालवू नका.

मध्ये जोड जितके कमी तितके बरे. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर एकच जागा ठरवा, जिथून इंजिन उतरवताना सगळं सुटेल. तिथे सीलवाला कपलर हवा. हत्यार असेल तर डॉइच, नसेल तर मेट्री-पॅक किंवा एएमपीचा सुपरसील. सुपरसील आपल्या बाजारात सहज मिळतो. सिग्नलच्या तारा आणि फॅन-पंपाच्या जाड तारा एकाच कपलरमधून नेऊ नका. स्वस्त नकला पुष्कळ आहेत. बूच नखानं दाबून बघा, कडक असेल तर सोडा. टर्मिनलमध्ये पातं घालून ओढा, पकड जाणवली पाहिजे. एका बाजूला सोन्याचा मुलामा आणि दुसऱ्या बाजूला कथिलाचा असं मिश्रण करू नका. हादऱ्यांनी कथिलाची बारीक भुकटी होते आणि तोच अडथळा.

दिवे, हॉर्न, वायपर यांचं पद्मिनीचं जुनं वायरिंग शाबूत असेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. चपटे टर्मिनल साफ करा, बस. पेट्रोल पंप आणि ईसीएमला मात्र बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्या, आणि इंजिन ते बॉडी अर्थची नवी जाड पट्टी टाका.

आणि ऑक्सिजन सेन्सरच्या तारेला सोल्डर लावू नका, त्याच्या कपलरमध्ये ग्रीसही भरू नका. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजण्यासाठी त्याला तुलनेला बाहेरची ताजी हवा लागते, आणि कित्येक सेन्सर ती हवा तारेच्या धाग्यांमधल्या फटींतूनच आत ओढून घेतात.