डेकवरची वळकटी

कोकणातील जुन्या पिढीशी बोटीच्या प्रवासाविषयी बोलू लागले, की आरंभी समुद्राचे वर्णन येत नाही. आधी माणसे येतात. भाऊच्या धक्क्यावर कोण भेटले, डेकवर कोणी जागा धरून ठेवली होती, जयगडला कोण चढले, हे सांगून झाल्यावर मग कधीतरी चांदण्याची आणि लाटांची पाळी येते. आठवणींचा हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. किनारी आगबोटींचा इतिहास हा जलवाहतुकीइतकाच भेटीगाठींचाही इतिहास आहे.

याचे कारण प्रथम भूगोलात शोधावे लागते. सावित्री, वासिष्ठी, शास्त्री यांसारख्या नद्यांच्या खाड्यांनी कोकणपट्टी जागोजाग चिरली आहे. पूल नव्हते तेव्हा किनाऱ्याने जमिनीवरून जाणे म्हणजे दर मुक्कामाला तरीची वाट पाहणे होते. समुद्र हाच सलग रस्ता होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या रस्त्यावर आगबोटींची नियमित ये-जा सुरू झाली आणि 'शेफर्ड कंपनी' हे नाव घराघरांत पोहोचले. पुढे स्वदेशीच्या वाऱ्यात एतद्देशीय भांडवलाची कंपनी निघाली. तिला लोक 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. कंपनीच्या नावाआधी 'माझी' हा शब्द लागावा, यातच त्या काळाचा अर्धा इतिहास आला. तुकाराम, रामदास अशी संतांची नावे बोटींना मिळाली, तीही याच आपलेपणातून.

हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे ओळीने घेतली की एका पिढीला अजून भोंगा ऐकू येतो. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात. हलत्या पडावातून हलत्या बोटीत पाय टाकताना वरून जो हात पुढे येई, तो खलाशाचा असे, तसाच पुष्कळदा आधीच्या बंदरावर चढलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचाही असे. मग वळकटी सोडायची, शेजाऱ्याचे गाव विचारायचे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला काहीतरी नाते निघायचे. 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग त्याच डेकवरचा. ज्याला बोट लागली त्याच्या हातावर शेजारी आवळकाठी ठेवी. डेकचे तिकीट काढणाऱ्यांना एकमेकांपासून दूर बसण्याची फारशी सोय नव्हती. वरच्या वर्गात ती होती. म्हणून या भेटी प्रामुख्याने डेकवरच्या राहिल्या, हे विसरून चालणार नाही. गिरणीतला कामगार, गावी निघालेली बाळंतीण, शाळामास्तर आणि आंब्याचा व्यापारी रात्रभर एकाच फळीवर पडून असत. निरोप, पैसे, स्थळांच्या चौकशा आणि मृत्यूच्या वार्ता तिथेच हातोहात पुढे जात. टपालापूर्वी बातमी पोहोचण्याची वाट ही होती.

ही वाट बारमाही नव्हती. पावसाळा लागला की दक्षिणेकडची वाहतूक बंद होई आणि मुंबईतला चाकरमानी गावापासून तुटे. शिमगा नि मे महिना यांना चाकरमान्याच्या पंचांगात जे स्थान आहे, ते या उघड्या समुद्रानेही दिलेले आहे.

तथापि येथेच थांबलो, तर आम्हीही स्मरणरंजनाचाच एक लेख लिहिला असे होईल. या किनाऱ्याने जितक्या भेटी घडवल्या तितकेच निरोपही घेतले. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी एकाच वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अंतर थोडे, पल्ला रोजचा, म्हणून भर पावसाळ्यातही ही फेरी चालू होती. बोट रेवसला पोहोचली नाही. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतली मासळी समुद्रात टाकून बुडणाऱ्यांना वर ओढले, असे सांगतात. महिन्याभरातच स्वातंत्र्य आले आणि त्या उत्सवाच्या प्रकाशात किनाऱ्यावरचे हे सुतक इतरांना दिसले नाही. ज्या डेकवर सारे एकत्र बसत, त्याच डेकवरून सारे एकत्र गेले. गर्दी ही ओळखीचे कारण होती, तशीच ती धोक्याचेही कारण होती. एकीचे गोडवे गाताना दुसरी झाकता येत नाही.

१९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर पणजीची बोट पुन्हा बहरली. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही त्या शेवटच्या पर्वाची नावे. एव्हाना एस.टी. गावोगाव पोहोचली होती, खाड्यांवर पूल झाले होते. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला. २०१८ साली मुंबई-गोवा सागरी पर्यटनाची बोट निघाली, तेव्हा तिच्यात मधल्या बंदरांवर चढणारे कोणी नव्हते. प्रवासी समुद्र पाहायला निघाले होते. पूर्वीचे प्रवासी घरी निघालेले असत.

साहित्याच्या अभ्यासकाने हा फरक ध्यानात घ्यावा, असे आम्हांला वाटते. एस.टी.च्या वाट्याला पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' आली. तिच्यात अडलेल्या गाडीभोवती सारा समाज गोळा होतो. बोटीत तो गोळा होण्यासाठी काही अडावे लागत नव्हते. श्री. ना. पेंडशांच्या हर्णे-दापोली परिसरातल्या कादंबऱ्या किंवा जयवंत दळवींचे 'सारे प्रवासी घडीचे' वाचताना एक प्रश्न विचारून पाहावा: या माणसांना एकमेकांच्या घरातले इतके कसे ठाऊक? उत्तराचा काही भाग ओटीवर मिळेल, काही देवळात. उरलेला भाग मुंबईहून निघालेल्या बोटीच्या डेकवर, दोन वळकट्यांच्या मधल्या वीतभर जागेत शोधावा लागेल.